गोलम्याच्या वासाचं क्रियापद

"भावजी, सरळ 'घाण येता' म्हणान लिवल्यात तर बघा! पावणे कुडाळच्या तिठ्यावरसून परत फिरतले!"

वयनी देवबागच्या आपल्या नव्याकोऱ्या खोलीच्या दारातून माझ्यावर अशी ओरडली की समोरच्या खाडीतल्या दोन होड्यांनी दिशा बदलली. पर्यटक पाहुण्यांसाठी बांधलेली तिची पहिलीवहिली खोली, पहिलंच पुण्याचं कुटुंब, आणि ते चारला पोचणार. सकाळी आभाळ भरून आलं, तेव्हा अंगणात वाळत घातलेला गोलमा, म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी, तिनं जवळच्या छपराखाली नेला. जवळचं छप्पर नेमकं त्या खोलीचं. पलंगावर चटई टाकून त्यावर गोलमा ओतला आणि पंखा पाचावर ठेवला. आमच्याकडे सुकवणीपुढे जावईसुद्धा दुय्यम, तिथं पुण्याचे कोण!

दुपारी गोलमा हलवला. वास हलेना. खाडीपलीकडची मांजरं होडीत बसून आली, एकानं तर परतीचा विचारही केला नव्हता.

"लपवूचा नाय," वयनी म्हणाली. "पयलेच पावणे, फशिवल्यानी म्हणतले. बऱ्या मराठीत कळवा."

शाळेच्या सूचना जन्मभर मीच लिहिल्या, तेव्हा मोबाईल माझ्या हातात आला. "खोलीत वास पसरला आहे." छे, पसरते ती साथ. "दरवळतो"? आत जाऊन हुंगलं. दरवळ सुरंगीच्या फुलांचा, झुळकीबरोबर येतो नि जातो. हा बूड टेकून बसला होता. "कोंदला"? पण खिडक्या तर सताड उघड्या. मग "भिनला"? उशी हुंगली, पडदा हुंगला, भिंतीतला खिळा चाटून पाहिला. खिळाही खारट! शब्द तंतोतंत होता, पण भिनतं ते विष. पाहुणे दवाखान्यात जायचे.

"भावजी, पलंगाखाली काय चल्लाहा?"

"शब्द शोधतंय."

"थंय गोलमोच गावतलो. तीन वाजले!"

शेवटी लिहिलं : "खोलीत सुक्या मासळीचा वास भरून राहिला आहे. उद्यापर्यंत जाईल. तरी येणार का, कळवावे."

वयनीनं दोनदा वाचलं. "ह्या बरा. खरा आसा, आनी शिवी नाय." तिनंच बोट दाबून धाडलं आणि मोबाईल पदरात धरून पायरीवर बसली. पाच मिनिटांत तिनं देवाला तीन नारळ आणि एक कोंबडा कबूल केला.

मोबाईल वाजला. मी वाचून दाखवलं :

"ठीक आहे. पार्किंग आहे ना?"