खारीच्या मानेवरच्या गाठी

पुण्याहून निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी कारंज्याला पोचली, तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच खाली उतरले. या गावात मी चार वर्षं एका बँकेत नोकरी केली. तिथेच एक तपकिरी पिल्लू माझ्या दाराशी आलं, चहासोबतची खारी खाऊन तिथेच राहिलं आणि खारी हेच त्याचं नाव पडलं. दीड वर्षापूर्वी माझी पुण्याला बदली झाली. भाड्याच्या घरात कुत्री चालणार नव्हती, म्हणून शाखेतले शिपाई साहेबराव यांच्या इंझोरीच्या घरी मी तिला सोडलं. ‘दोन-चार महिन्यांत नेते,’ असं म्हणाले होते.

पंधरा दिवसांपूर्वी व्हिडिओ कॉलवर मला खारीच्या जबड्याखाली दोन मोठ्या गाठी दिसल्या. साहेबरावांच्या पत्नी शोभाताई काहीतरी सांगू पाहत होत्या. मी त्यांना बोलूच दिलं नाही. “पट्टा आवळून बांधता तुम्ही तिला. मुकं जनावर आहे, एवढंही कळत नाही?” असं बोलून मोकळी झाले. त्यांच्या अंगणात बायका बसल्या होत्या. त्या एकदम गप्प झाल्या, ते मला फोनवर ऐकू आलं.

इंझोरीच्या एसटीत शेजारी बसलेल्या आजींनी ओंजळभर सोले (तुरीचे कोवळे, हिरवे दाणे) माझ्या हातावर ठेवले. कुणाकडे चालले ते विचारलं.

“शोभाच्या घरी? कुत्रीसाठी आल्या का तुमी? लई जीव लावते शोभा तिले.”

गावातले एकमेकांची बाजू घेणारच, असं मला वाटलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंगांनी लवलेल्या तुरी उभ्या होत्या, मधून हरभऱ्याचे हिरवे पट्टे. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी काय काय बोलायचं याची मनात उजळणी करत होते.

घर सापडलं. खारी उठून आली, शेपूट हलवत माझा हात हुंगला आणि परत जाऊन शोभाताईंच्या पायाला टेकून बसली. ती वाळली होती. गळ्यात पट्टा नव्हता.

“पट्टा कुठंय?”

“तुमी म्हनल्या त्याच दिवशी काढला, मॅडम. गाठी वाढूनच राह्यल्या.” त्यांनी पाण्याचा गिलास पुढे केला. “गावातल्या डॉक्टरले दोनदा दाखवलं. ते म्हने वाशीमले न्या, तपासा लागते. तेच सांगाले तुमाले फोन केला होता.”

मी पाणी प्यायले.

एसटीत कुत्री घेणार नव्हते. साहेबरावांनी ओळखीचा छोटा टेम्पो ठरवला. ते पुढे बसले, आम्ही दोघी खारीला घेऊन मागे. मानोऱ्याच्या पुढे ती माझ्या ओढणीवर ओकली. शोभाताईंनी पदराने तिचं तोंड पुसलं, मग माझा हातही.

वाशीमच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं. “खाणं कधीपासून कमी झालं? पाणी जास्त पिते का?” मी मालकीण, पण मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. शोभाताईंनी सगळं सांगितलं, दिवसांसकट. कागदावर लिहायला डॉक्टरांनी मालकाचं नाव विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी माझं नाव दिलं.

आणि एवढं होऊनही मी विचारलंच, “पट्टा आवळल्यामुळे झालं असेल का?”

डॉक्टरांनी माझा हात धरून खारीच्या मागच्या गुडघ्यामागे नेला. तिथेही सुपारीपेक्षा मोठी गाठ होती. दुसऱ्या पायालाही. खांद्यांपुढेही.

“इथं कुणी पट्टा बांधतं का, ताई?”

शोभाताई भिंतीकडे बघत होत्या.

डॉक्टरांनी सुईने गाठीतला नमुना घेतला आणि समजावून सांगितलं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अशा गाठींमध्ये असतात. त्याच पेशी बेसुमार वाढू लागल्या की गाठी फुगतात. हा त्या पेशींचा कॅन्सर, लिम्फोमा. गाठी बहुधा दुखत नाहीत, म्हणून जनावर कळू देत नाही. हा आजार माराने होत नाही, पट्ट्याने होत नाही, भाकरीने होत नाही. घरातल्या माणसांना लागतही नाही. अहवाल येईपर्यंत मी इंझोरीतच थांबले; तिसऱ्या दिवशी त्यातही तेच आलं.

मोठ्या शहरात इंजेक्शनांचे उपचार होते. त्यांनी बरेच महिने मिळतात, कधी वर्षही, पण आजार मुळापासून क्वचितच जातो. नुसत्या गोळ्यांनी महिना-दोन महिने बरे जातात. “मी पुण्याला नेते,” मी लगेच म्हणाले.

“न्या. तुमचीच हाय,” शोभाताई म्हणाल्या. “पन तिथं दिवसभर तिच्यापाशी कोन बसन?”

माझं घर सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बंद असतं. खारी इंझोरीतच राहिली, गोळ्यांवर.

निघायच्या दिवशी ज्वारीची भाकर आणि सोल्यांची आमटी होती. साहेबरावांसमोर मी शोभाताईंना म्हणाले, “मी फोनवर बोलले ते फार चुकलं. मला माफ करा.”

त्या तव्यावरची भाकर उलटत राहिल्या. “लागलं मले. खोटं कायले सांगू? शेजारच्या बाया अजून इचारतात.” मग माझ्या ताटात आमटी वाढली. “जेवा. बस निघून जाईन.”

शेजारच्या बायकांकडे जाऊन माझी चूक सांगायला हवी होती. त्या समोरच तुरी सोलत बसल्या होत्या. मी त्यांना नमस्कार केला आणि बसथांब्याकडे चालू लागले.

सात आठवड्यांनी शोभाताईंचा फोन आला. खारी सकाळी उन्हात झोपली, ती उठलीच नाही. मी काही म्हणायच्या आत त्या भराभर सांगू लागल्या: गोळी रोज वेळेवर दिली, काल दूध-भाकर कुस्करून दिली, थोडी खाल्लीही, बांधलं कधीच नाही, पाहिजे तर साहेबरावांना विचारा.

मी त्यांना थांबवायचा प्रयत्न करत होते. त्या थांबत नव्हत्या.