तो आवाज विष्णूचा आहे

मित्रांनो, सकाळी टाकलेल्या क्लिपबद्दल खरं सांगायचं आहे.

ऐंशीच्या दशकात त्रियोले गावातल्या लग्नांत आमचा बँड वाजायचा. तेव्हाच्या सिंथेसायझरचा सनईसारखा आवाज मी लॅपटॉपवर सॉफ्टवेअरने पुन्हा तयार केला. तुम्ही लिहिलंत, "काय आवाज शोधला होतास रे!" मी आनंदाने सगळ्यांचे आभार मानले.

दुपारी लाँग माउंटन गावाहून विष्णूचा फोन आला. नातीने त्याला क्लिप ऐकवली होती. बँडमध्ये सिंथेसायझर तोच वाजवायचा, मी गिटारवर असायचो. बटणं फिरवून फिरवून तो आवाज त्यानेच घडवला होता.

मला वाटलं, आता हा रागावणार.

"कोरेक, अगदी बरोबर झालाय, भाऊ," तो म्हणाला. "फक्त सूर संपताना थोडा थरथरू दे. मी डाव्या हाताने बटण हलवायचो ना, तसा."

"विष्णू, तुझं नाव लिहायचं राहिलं रे."

"राहू दे. ऐकून बरं वाटलं."

नाव राहिलं नव्हतं. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, आणि वर फोनवर पुन्हा खोटं बोललो.

उद्या त्याच्याकडे जातोय. इथे लिहिणं जमलं, पण त्याच्यासमोर बसून हे कसं बोलू? तुम्ही कशी सुरुवात केली असती?