कोम्बोचं रिकामं पाणी

कोम्बो रिकाम्या पाण्याला जेवू घालायचा, आणि केनियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शिमोनीत याचा अर्थ एकच होतो. माणसाने जिन पाळलाय.

मी शिंपी. माझं मशीन त्याच्या ओट्याच्या अगदी समोर, त्यामुळे या प्रकरणातलं मला जितकं दिसलं तितकं दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही. त्यातलं कळलं किती, ते मात्र विचारू नका.

कोम्बोने उभा जन्म रंगीत मासे धरण्यात घालवला. खाण्याचे नव्हेत, शोभेचे, परदेशातल्या लोकांच्या काचेच्या पेट्यांसाठी. बुडी मारायची, कपारीत लपलेल्या माशाला जाळीत घ्यायचं आणि खवलासुद्धा न दुखवता वर आणायचं. त्यातच कान गेले. डॉक्टरने सांगितलं, आता डोकं पाण्याखाली नेलंस तर उरलंसुरलंही ऐकू येणार नाही. तेव्हापासून हा ओट्यावर बसायचा आणि समोर अख्खा समुद्र असताना तोंड पाडून मला म्हणायचा, "वरून काय दिसतं, शाफी? वरून नुसतं पाणी दिसतं."

त्याची मुलगी रिझिकी मोम्बासाला, मासे बाहेर पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कामाला. तिला बापाची ही दशा बघवेना. एके दिवशी ती मोठी काचेची पेटी, पंप आणि पोतंभर वाळलेले प्रवाळाचे दगड घेऊन आली. कोम्बोचा चेहरा असा खुलला की मी टाके घालायचं विसरलो. समुद्रावरून पाणी आणून पेटी भरली, दगड रचले आणि हा लगेच निघाला मासे आणायला.

"थांबा बाबा," रिझिकी म्हणाली. "पाणी अजून कच्चं आहे."

"समुद्राचं पाणी कच्चं? मग समुद्र काय, मुरत घातलाय?"

"मासा घाण करतो. समुद्रात ती घाण खाणारे बारीक जीव सगळीकडे असतात. या वाळक्या दगडांवर कुणीच नाही. रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजेल, मग दगडांवर ते जीव धरतील."

"कुठून येतील ते?"

"येतात बाबा."

"दिसतात?"

"नाही दिसत."

कोम्बोने माझ्याकडे बघितलं. मी सुईत दोरा ओवायला घेतला.

जाताना तिने एक छोटी बाटली दिली. पेटीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात हे थेंब टाकायचे. हिरवं झालं तर विष, पिवळं राहिलं तर ठीक. आता गंमत बघा. पहिल्या दिवशी पाणी पिवळं. खाद्य टाकत गेला तसतसं हिरवं व्हायला लागलं. घाबरून त्याने फोन लावला आणि कमी ऐकू येतं म्हणून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "अगं, चांगलं होतं ते मी बिघडवलं."

"बिघडू दे बाबा. बिघडल्याशिवाय ते जीव वाढायचे नाहीत."

फोन ठेवून तो मला म्हणाला, "चांगलं पाणी मुद्दाम घाण करायचं, म्हणजे ते आपलं आपण स्वच्छ होईल. तुला समजलं?"

मी हो म्हटलं. मला एक पायघोळ कांझू बेतायचा होता.

घोटाळा झाला तो तुमूमुळे. ही शेजारीण रोज सकाळी कोम्बोच्या बायकोकडून, मेजुमाकडून, महाम्री घ्यायला यायची. मेजुमाची महाम्री म्हणजे गरम, फुगलेली, वेलचीचा वास सुटलेली गोड पुरीच. अर्धी आळी त्यावर न्याहारी करायची. तुमूने दारातून पाहिलं, तर कोम्बो पेटीपुढे उकिडवा बसून पाण्यात खाद्य टाकतोय आणि पाण्यात कुणी नाही.

"कुणाला घालताय हो?" तिने विचारलं.

कोम्बो भोळा. मुलीने सांगितलं तसंच त्याने सांगितलं. "दिसत नाहीत. पण रोज घातलं की येतात, आणि मग घरातली घाण खाऊन टाकतात."

तुमू महाम्री न घेताच गेली. चार-पाच दिवसांत मेजुमाची परात भरलेलीच राहायला लागली. लोक वाट वाकडी करून पलीकडच्या गल्लीतून जायचे. समुद्रातला जिन पाळला की तो आधी अन्न मागतो, मग रक्त, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझीही गिऱ्हाइकं कपडे टाकून उभ्या उभ्याच पळायला लागली, ते वेगळं.

"रिझिकीचे बाबा," मेजुमा एकदा परात आपटून म्हणाली, "मासे तरी सोडा, नाहीतर ती पेटी समुद्रात ओता. मी शिळी महाम्री किती दिवस खाऊ?"

"आत्ता सोडले तर मरतील, असं पोर म्हणते."

"आणि आपण मेलो तर?"

कोम्बो उठून बाहेर आला. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, म्हणजे त्याच्या मते हळूच, "शाफी, पोर म्हणते पाण्यात न दिसणारं काहीतरी आहे आणि ते खातं. तुमूही तेच म्हणते. मग दोघींत भांडण कशावरून आहे?"

खरं सांगतो, त्या दिवसापासून मीसुद्धा पेटीकडे पाठ करून शिवायला बसू लागलो.

शेवटी मेजुमानेच मनावर घेतलं. ओहोटीच्या डबक्यातून काळ्या पट्ट्यांचा बोटभर मासा धरून आणला, तुमूसकट चार बायकांना बोलावलं आणि कोम्बो "नको, नको" म्हणत असताना पेटीत सोडून दिला. "बघा डोळे उघडून. माशाची पेटी आहे ही." मासा सुरेख पोहला. बायकांनी मान डोलावली. एकीने महाम्रीसुद्धा घेतली.

सकाळी मासा पोट वर करून तरंगत होता.

"बघ," तुमू दारातूनच म्हणाली. "खाल्लासुद्धा नाही. नुसता जीव घेतला."

मेजुमा पायरीवर बसून रडली. कोम्बोने मासा ओंजळीत घेतला. आयुष्यात हजारो मासे धरले, पण त्याच्या हातात कधी एक मेला नव्हता, आणि हा त्याच्याच घरात मेला. पेटी ओतायला तो उठलाही. मेजुमानेच त्याचा हात धरला. "पोर म्हणाली होती मरेल, आणि मेला," ती म्हणाली. "म्हणजे पोर खरं बोलते. आता ती म्हणेल तेव्हाच."

पुढे हिरवं फिकं होत गेलं, तर रिझिकीने दुसऱ्या थेंबांची बाटली पाठवली आणि त्या थेंबांनी पाणी जांभळं निघालं, म्हणजे आता दुसरंच विष. कोम्बोने कपाळाला हात लावला. पुन्हा थांबणं आलं. महाम्री कमी तळल्या जात होत्या, आळी तोंड फिरवून होती, आणि हा नवराबायकोचा जोडा रोज सकाळी एका बाटलीत डोकं घालून बसायचा.

मग एका सकाळी दोन्ही बाटल्यांच्या थेंबांनी विषाचा रंग दाखवला नाही. का, कसं, ते कोम्बोला सांगता आलं नाही, आणि मला तर नाहीच नाही.

मेजुमा बरणीत दुसरा मासा घेऊन आली. पेटीपाशी आली आणि थबकली. आमच्याकडे कुणाच्याही दारात "येऊ का?" विचारल्याशिवाय आणि आतून "या" आल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. बरणी छातीशी धरून ती त्या पाण्याला म्हणाली, "येऊ का?"

आम्ही तिघंही थांबलो. मी तर खरंच कान टवकारले होते. शेवटी कोम्बोच म्हणाला, "या."

मासा आत गेला, दगडामागे दडला, मग हळूहळू बाहेर आला. कोम्बो गुडघ्यांवर बसला, काचेला नाक लावलं आणि तसाच राहिला. हलेना, बोलेना. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं. मला वाटलं, धरलं याला त्या पाण्यातल्या कुणीतरी. मी उठलोच.

मेजुमाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"श्वास घ्या हो," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर आहात."