जुळं केळं आणि गाडीच्या दोन चाव्या

गप्प बसणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. मी काही मुद्दाम गोळा करायला जात नाही. पण लग्न होऊन डिंगोऱ्याला आले तेव्हापासून घरातली माणसं माझ्यासमोर फ्रीजसमोर बोलावं तशी बोलतात. फ्रीज सगळं ऐकतो, गार राहतो, कुणाला सांगत नाही. त्यात माझ्या थोरल्या जाऊबाई, वैशालीताई, यांना दिवस गेले. आणि तेही जुळ्यांचे. मग काय! फ्रीजचं दारच लागेना.

*

पहिली सोनोग्राफी नारायणगावला झाली. तिसरा महिना होता. ताई टेबलावर, थोरले दीर म्हणजे दादा उभे, आणि मी पिशवी धरून कोपऱ्यात.

"दोन आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"दोन काय?" दादा.

"बाळं! आणि दोघांना पोसणारी वार एकच दिसतेय. म्हणजे एकसारखी जुळी. हे आत्ताच कळलं ते बरं झालं, पुढं इतकं स्पष्ट दिसत नाही."

दादांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं होतं, ते बाईंनी अर्ध्यात थांबवलं. "पेढे नंतर वाटा. आता नुसतं माझ्याकडं येऊन भागणार नाही. पुण्यात अशीच जुळी बघणाऱ्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं जायचं. चौथा महिना लागला की दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. एकही चुकवायची नाही."

घरी येऊन दादांनी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. आत्या भाजी निवडत होत्या.

"दर पंधरा दिसाला?" त्या म्हणाल्या. "बाळंतपण करताय का टमाट्याला फवारे मारताय?"

*

जुळं कसं राहिलं याची चौकशी मात्र आत्यांनी लगेच सुरू केली. आमच्याकडे गरोदर बाईनं आणि नव्या नवरीनं जुळं केळं खायचं नाही. एका सालात दोन केळी चिकटलेली असतात ना, ते. खाल्लं की जुळं होणार, एवढं सरळ गणित.

"केळी कुणी आणली व्हती?" आत्यांचा पहिला प्रश्न.

"मी," दादा म्हणाले. "ओतूरच्या बाजारातनं."

"त्यात जुळं व्हतं?"

"व्हतं एक."

"बघा! आणि हिला दिलंस?"

"न्हाई. मीच खाल्लं की गाडीत."

आत्यांनी दादांकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मग तुला का न्हाई राहिलं?"

तपास तिथंच थांबला, शिक्षा मात्र मला झाली. पुढचे कित्येक महिने घरात आलेली केळ्यांची फणी आधी आत्यांच्या हातून जायची. त्या एकेक केळं फिरवून बघायच्या आणि मगच मला द्यायच्या. विमानतळावर सामान तपासतात तसं. "एका वेळी एकच गाडी पुण्याला जाती," त्या म्हणायच्या. "तुझं आत्ता नको."

*

पुण्याची पहिली फेरी. आमच्या गाडीत सात जणांची सोय आहे, म्हणून आम्ही नऊ निघालो. शेजारच्या कुसुममावशी भोसरीच्या लेकीला भेटायला. त्यांचा पुतण्या चाकणपर्यंत. कुणाच्या तरी साडूला द्यायचा टोमॅटोचा क्रेट माझ्या मांडीवर. पेशंट मधल्या सीटवर चिमटून.

मंचर मागं पडेपर्यंत कुसुममावशींनी दवाखान्यांचा समाचार घेतला. "हे नवीन खूळ हाय सगळं! माझ्या नणंदेला जुळीच झाली. सोनोग्राफी न्हाई, पुणं न्हाई, काय न्हाई. घरातल्या घरात मोकळी झाली."

"किती मोठी आहेत आता दोघं?" ताईंनी विचारलं.

मावशींनी खिडकीतनं बाहेर बघितलं.

"एक हाय," त्या म्हणाल्या.

चाकण आलं. पुतण्या उतरताना ताईंना म्हणाला, "वहिनी, पाय लांब करून बसा." तिथून पुढं ताईंना पूर्ण सीट मिळाली.

*

दवाखान्यात मात्र आम्ही पुन्हा जोरात होतो. नर्सनं दार उघडून हाक मारली, "डिंगोऱ्याहून कोण आलंय?"

आम्ही सगळेच उभे राहिलो.

"आत एकाच नातेवाईकानं यायचं हं."

यावर बाहेर चर्चा झाली. दादा म्हणाले मी जातो. आत्या म्हणाल्या बाप्या माणसाला काय कळतंय, मी जाते. दादा म्हणाले पण गाडी मी चालवतो. शेवटी दोघंही एकदम आत शिरले आणि दार लागलं.

पाच मिनिटांनी ते उघडलं. डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. उंच, चष्मा, पायात स्पोर्ट्स शूज.

"सगळं ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "पण पोट कुणाचंय?"

कोपऱ्यातल्या बाकावर ताई सोललेली मोसंबी खात होत्या. त्यांनी हात वर केला.

*

मग ताई टेबलावर झोपल्या आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांनाही आत घेऊन नीट समजावलं. एकाच वारेवर दोघं पोसली जातात. दोघांच्या रक्तवाहिन्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेकदा काही होत नाही. पण कधीकधी एकाचं रक्त दुसऱ्याकडं जास्त जायला लागतं. मग एकाभोवती पाणीच पाणी, दुसऱ्याभोवती कोरडं. दोघांनाही धोका. बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी बघायचं. मध्येच पोट एकदम ताणल्यासारखं वाटलं, तर तारखेची वाट न बघता यायचं.

आत्या म्हणाल्या, "एका ताटात जेवत्यात भावंडं. चांगलं हाय की!"

"जेवू देत," डॉक्टर म्हणाल्या. "एक दुसऱ्याचं ताट ओढत नाही ना, एवढंच मी बघणार."

दादा स्क्रीनकडं टक लावून होते. "म्हंजी मॅडम, एका व्हॉल्व्हवर ठिबकच्या दोन लाइनी. उताराच्या लाइनीला पाणी पळतंय आणि चढाची सुकती."

"अगदी तसंच. फक्त टोमॅटो सुकले तर तुम्हाला पुन्हा लावता येतात."

दादांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर त्यांनी रेडिओ लावला नाही.

पण दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेले आणि डेअरीवर सगळ्यांना व्हॉल्व्ह समजावून आले! त्यानंतर पुण्याहून आलो की रस्त्यात कुणीही थांबवायचं. "काय दादा, चढाची लाइन भिजली का?" दादांनी गाडीच्या काचेतनं अंगठा दाखवायचा, हो, भिजली.

"माझं पोट आहे का प्लॉट?" ताई मला म्हणाल्या. मी फ्रीज. गार राहिले.

*

मुलगा की मुलगी हे डॉक्टर सांगत नाहीत, भिंतीवर बोर्डच असतो. आत्यांनी बोर्ड वाचला आणि वळसा घालून विचारलं.

"डॉक्टर, स्वेटर विणायला घेतीय. लोकर कुठल्या रंगाची आणू?"

"पांढरी."

"दोघांना पण?"

"एका वारेतली जुळी असतातच सारखी. दोघांना एकच रंग आणा."

आत्या खुशीत बाहेर आल्या. "पोरंच हायेत! सांगितलं त्यांनी."

"आत्या, त्या फक्त सारखी म्हणाल्या," ताई म्हणाल्या.

"त्येच की! दोन्ही पोरं."

*

सातवा लागला आणि डोहाळजेवण ठरलं. मंडप, झोपाळा, फुलांचे दागिने, पिंपळवंडीच्या पाहुण्या, सगळं. त्याच्या आठवडाभर आधीच्या तपासणीत डॉक्टर जरा जास्त वेळ स्क्रीनकडं बघत राहिल्या. पाण्यात थोडा फरक वाटतोय म्हणाल्या. या वेळी पंधरा दिवस नाही, आठ दिवसांनी या.

आठवा दिवस म्हणजे नेमका डोहाळजेवणाचा दिवस!

"एका दिसानं काय व्हतंय?" आत्या म्हणाल्या. "आवतणं गेलीत. दुसऱ्या दिवशी जावा." दादा आईपुढं कधी बोलत नाहीत. तेव्हाही नाही बोलले.

कार्यक्रमाच्या सकाळी मी ताईंना साडी नेसवत होते. काल बसलेला परकर आज बसेना.

"पोट दगडासारखं ताणलंय गं," ताई म्हणाल्या. "रात्रीपासून. श्वास पुरत नाही."

मी आत्यांना सांगितलं. ताईंनी सांगितलं. कुसुममावशी म्हणाल्या, जुळ्याचं पोट वाढणारच. आत्या म्हणाल्या, ओटी भरली की पडू दे तिला जरा. पाहुण्या आल्या, गाणी सुरू झाली, आणि ताई फुलांचा मुकुट घालून झोपाळ्यावर बसल्या. हसत होत्या. एका हातानं झोपाळ्याची दोरी घट्ट धरलेली.

आता वाट्यांचं. झाकलेल्या दोन वाट्या ठेवतात, एकीत पेढा, एकीत बर्फी. डोहाळकरणीनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्या भरायचं काम माझ्याकडं, कारण मी कुणाला फोडून सांगणार नाही. आत्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन्हीत पेढाच घाल. उगं चुकामूक नको."

मी स्वयंपाकघरात गेले. गाडीची चावी फ्रीजशेजारच्या खिळ्यावर होती. दुसरी आमच्या ह्यांच्या खिशात.

"कशाला पाहिजे?" ह्यांनी विचारलं.

"वाटीत घालायला."

हे हसले. मी विनोद करते हे त्यांना नवीनच होतं. चावी मात्र दिली.

बायांनी गाणं थांबवलं. फोटोवाला पुढं सरकला. ताईंनी डावीकडची वाटी उघडली.

चावी!

बाया माना उंचावून वाटीत बघायला लागल्या. मग कुसुममावशी म्हणाल्या, "चावी म्हंजी काय धरायचं? पोरगा का पोरगी?"

"पोरगी. तिजोरीची चावी, लक्ष्मी आली," पिंपळवंडीची एक पाहुणी.

"ड्रायव्हर हुईल," दुसरी.

आत्यांनी पुढं होऊन उजवी वाटी उघडली. तिच्यातही चावी. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हे काय गं?"

इतक्या बायांपुढं मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले. "जुळं आहे, आत्या. दोन्हीकडं सारखंच निघणार."

ताई तोवर उठून उभ्या राहिल्या होत्या. चावी त्यांनी दादांपुढं धरली. दादांनी आईकडं बघितलं, बायकोच्या पोटाकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच न विचारता गाडी काढली.

*

दवाखान्याच्या वॉचमननं मुकुट, बाजूबंद, फुलांचा कंबरपट्टा बघून विचारलं, "वरात मागून येतीय का?"

डॉक्टर पण आधी हसल्या. मशीन लावलं आणि हसायच्या थांबल्या. एकीकडं पाणीच पाणी, दुसरीकडं जवळजवळ कोरडं. दुर्बिणीतून आत जाऊन लेझरनं त्या जोडलेल्या रक्तवाहिन्या बंद करायला लागणार होत्या, आणि थांबायला वेळ नव्हता. दोघं वाचतीलच असं सांगू शकत नाही, त्या म्हणाल्या, पण आज आलात म्हणून प्रयत्न तरी करता येतोय.

ताईंना आत नेलं. फुलांचे दागिने माझ्या मांडीवर, टोमॅटोच्या क्रेटसारखे. आत्यांनी गाडीत टाकून आणलेला डोहाळजेवणाचा डबा उघडला आणि बाकावरच्या सगळ्या अनोळखी माणसांना पुरणपोळ्या वाढायला लागल्या. कुणाला सोडलं नाही. वॉचमनलाही नाही. शेवटची पोळी माझ्या हातावर ठेवली. तिच्यावर तूप दोनदा घातलं.

डॉक्टर बाहेर आल्या. "दोन्ही ठोके ऐकू येतायत."

"व्हॉल्व्ह वेगळे झाले?" दादांनी विचारलं.

"झाले."

दादा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. बराच वेळ. भिंतीवर नुसतं कॅलेंडर होतं.

*

मुली वेळेआधीच आल्या, पण दोघीही आल्या. बरेच दिवस काचेच्या पेटीत होत्या. एक जरा भरलेली, एक बारीक. आत्यांनी काचेला नाक लावून दोघींना बघितलं आणि भरलेलीला बोट दाखवलं. "हीच ती चोरटी! बहिणीचं पाणी पिलीस व्हय गं?" घरात तिचं नाव अजून चोरटीच आहे.

बारशाला आत्यांनी स्वतः नारायणगावला जाऊन बर्फी आणली. पाळण्याला पांढरे स्वेटर लटकवले, दोन्ही सारखे. कुसुममावशींची सून चार महिन्यांची गरोदर होती. आत्यांनी तिला दारातच गाठलं. "सोनोग्राफी केली का? एकच हाय का दोन? दोन असली तर वार किती?" सून घाबरून सासूमागं लपली.

मी पंगतीत केळी वाढत होते. आत्यांनी माझ्या हातातली फणी घेतली, नेहमीसारखी फिरवून तपासली आणि एक केळं तोडून माझ्यापुढं धरलं.

जुळं होतं.

मी बघतच राहिले.

"खा गं," आत्या म्हणाल्या. "रस्ता म्हायती झालाय आता."