ब्रेकवरची माणसं

कारखान्यात राबलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. टपरीवर कोणी नुसतं "ब्रेक" म्हणालं, की आमची मंडळी सुरूच होतात! हा ब्रेक गाडीचा नव्हे. आम्ही भंडाऱ्याजवळच्या पत्रे बनवणाऱ्या कारखान्यातले ठेकेदारी कामगार. सलग नोकरी भरली तर माणूस परमनंट करा म्हणेल, म्हणून ठेकेदार अधूनमधून थोडे दिवस घरी बसवतो आणि मग "नवीन" म्हणून परत घेतो.

आमच्यातले सगळ्यात जुने "नवीन" म्हणजे कारध्याचे सुखदेवभाऊ. परमनंट माणूस रिटायर झाला, की कंपनी हार घालते, शाल देते आणि जीपनं घरी सोडते. भाऊंचा सगळा जीव त्या जीपमध्ये. "बाकी काही नाही पाहिजे बाप्पा, येक डाव जीपमंदी समोर बसून घरी जातो!"

*

ब्रेकनंतर नव्या कामगाराला मशीन शिकवायचा नियम आहे. शिकवणार कोण? सुखदेवभाऊ. नव्या लोकांत पहिलं नाव कोणाचं? सुखदेवभाऊंचंच!

सुपरवायझर गोंधळला. भाऊ म्हणाले, "वांदा नाही जी. मी मले शिकवतो. ध्यान देऊन आयकतो."

*

आमच्या प्रकाशचं लग्न ब्रेकमध्येच उरकलं, सुट्टी कोण देणार? पुढं नवराबायकोचं वाजलं. ती पिशवी भरून माहेरी, अड्याळला निघाली. हा दारात आडवा.

"भांडून जाऊन राहिली का?"

"कायले भांडू? ब्रेकवर जाऊन राहिली! आली का नवीन म्हणून येईन, मांगचं काही धरायचं नाही!"

प्रकाश पुढच्याच बसनं मागोमाग गेला.

*

माझे वडील इथंच परमनंट होते. तेव्हा युनियननं गेट अडवलं, की मालक स्वतः खाली यायचा. आता मालक कोण तेच कळत नाही. सेफ्टी बूट मागितले तर कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कंपनीला विचारा. दिवसभर आमच्या चकरा.

शेवटी सुखदेवभाऊ गेटात उभे राहिले, एक पाय आत, एक बाहेर.

"येक येक बूट दोघंही द्या जी!"

*

मग नवा मॅनेजर आला. सगळ्यांना गोळा करून गोड आवाजात म्हणाला, "आपण सगळे एक फॅमिली आहोत."

भाऊंनी हात वर केला. "साहेब, तुमच्या घरी पोरायले ब्रेक देता का जी?"

आम्ही पोट धरून हसलो. त्या महिन्यात भाऊंना ब्रेक जरा लवकरच लागला. तेव्हा मात्र हसू आलं नाही, डोकं तापलं. पण बोललो कोणीच नाही, आपलाही ब्रेक जवळच होता ना!

*

परवा भाऊंचं रिटायरमेंटचं वय झालं. आम्हीच वर्गणी काढून हार आणला आणि भाऊंना घेऊन मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, "साहेब, आज तेवढी जीप द्या."

मॅनेजर म्हणाला, "अहो, तसं नाही करता येत. रिटायर फक्त परमनंट माणूस होतो."

भाऊ हातातल्या हाराकडे पाहत राहिले. आम्हाला वाटलं, आता रडतात.

"म्हंजे मी रिटायर झालोच नाही का जी?"

"कागदोपत्री... नाही."

भाऊंनी हार पिशवीत टाकला.

"मंग उद्या सकाळच्या पाळीले येऊ का दुपारच्या?"