फ्लॉरेन्सची तालीम

"बरं. पुढे?"

कोणी काहीही सांगितलं, की बाई एवढंच विचारत. तेही चष्मा नाकावरून जरा खाली घेऊन, उत्तर चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं. गल्लीत कोणाची बदली झाली, कोणाचं लग्न मोडलं, सांगणारा हळहळीची वाट बघत थांबे आणि बाई म्हणत, "बरं. पुढे?" पुष्कळांना त्या निष्ठुर वाटत. मलाही वाटत. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याच्याकडे रडायला कोणी जात नाही; अडचण आली की मात्र सगळे त्याच्याच दारात.

बाई साताऱ्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. माहेर सांगलीचं. सांगली सपाट, सातारा उतारावर. एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी साताऱ्याला कधी क्षमा केली नाही. "गाव वसवताना पायांचा विचार कोणी केलेला दिसत नाही," असं त्या प्रत्येक चढाला म्हणत.

यजमान सुभेदार, म्हसवडकडचे. पलटण सुटली तरी गल्लीतून असे चालत, की कुत्रीसुद्धा बाजूला होत. एका सकाळी दाढी करताना ते आरशासमोरच कोसळले. डावी बाजू गेली. औषधांनी आणि व्यायामानं निम्मी परत आली. पाय ओढत का होईना, घरात चालू लागले. पण उंबऱ्याबाहेर येईनात.

"डाक्टर म्हनत्यात बाहेर चाला," ते मला म्हणाले. "ह्या गल्लीनं मला कसा चालताना बघितलाय? आता हे असलं दावू व्हय?"

बाहेर पडले नाहीत तर परत आलेलंही जाईल, असं डॉक्टरांनी बाईंना बजावलं होतं. बाई अर्थातच "बरं. पुढे?" म्हणाल्या. आणि काही दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, की दोघं इटलीत फ्लॉरेन्सला जाणार.

आमच्याकडे परदेशी जाणं ही खासगी गोष्ट नसते. चौकात फ्लेक्स लागतो. मंडळ जाण्यापूर्वी सत्कार करतं आणि आल्यावर पुन्हा करतं, कारण पहिल्या सत्कारात काहींची भाषणं राहिलेली असतात. दहा दिवसांत आठ देश उरकून आलेले मंडळाचे अध्यक्ष आमच्यात युरोपचे जाणकार गणले जातात. त्यांनी बाईंना विचारलं, "एवढ्या लांब जाऊन एकच गाव?"

"एकच गाव. चार दिवस. नोकरीभर मी तिथल्या मोठ्या चर्चचा तो घुमट फळ्यावर काढला. खरा आहे का, तेवढं बघायचंय."

सुभेदार नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तितं मला कोन वळखतंय का?"

"कोणी नाही."

"मग तितं चालंन मी."

"तिथं चालायचं तर आधी इथं चालावं लागेल," बाई म्हणाल्या.

"फसवलंस न्हवं मला," सुभेदार म्हणाले, आणि उठून कपाटातले बूट काढायला लागले.

मी थोडंफार वाचलेला माणूस. कोणती चित्रं चुकवू नयेत, कोणत्या देवळात कोणाची समाधी आहे, असं बरंच सांगायला गेलो. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि दिवसाला एक गोष्ट ठेवून बाकीचं गाळलं. "चित्रं कुठं पळून जात नाहीत. बसायला कुठं मिळेल ते सांगा." ते मला ठाऊक नव्हतं. मग त्या स्वतःच फोनवर तिथल्या रस्त्यांची छायाचित्रं सरकवत बसल्या. पायऱ्या, ओटे, सावली. तिथल्या जुन्या सावकारांनी आपल्या वाड्यांच्या भिंतींना बाहेरून दगडी कट्टे ठेवलेत, येणाऱ्या-जाणाऱ्यानं टेकावं म्हणून. "सावकार असून," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडून कुठल्याही घराण्याला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी असावी.

आणि मग तालीम सुरू झाली. हॉटेलपासून घुमटापर्यंत जेवढं अंतर, तेवढं घरापासून मोती चौकाकडे चालायचं; रोज तिथल्या चारांतला एक दिवस धरायचा. मधे जिथं तिकडे कट्टा, तिथं इकडे गाद्या शिवणाऱ्या चाचांचं दुकान. सुभेदार उजव्या हातात काठी घेऊन, बाई डावीकडून त्यांचा दंड धरून. पहिल्या दिवशी सुभेदारांनी मान वर केली नाही. गल्लीनंही त्यांच्याकडे बघितलं नाही. आमच्या गल्लीकडून एवढ्या सभ्यपणाची मला अपेक्षा नव्हती. महिनाभरात मात्र फ्लॉरेन्स सगळ्यांना पाठ झालं.

"आवं सुभेदार, टेका की," चाचा स्टूल पुढे सारत म्हणत. "आज दुसरा दिस न्हवं तुमचा?"

"तिसरा. आज नदीवरचा पूल हाय."

"पुलावर गर्दी आसंल."

"सोनारांची दुकानं हायती म्हनं पुलावर. ह्या बाईला तितनं न्यायाची कशी, त्ये बघायला लागंल."

"बोलताना पाय थांबतोय," बाई म्हणत.

एकदा चढावर सुभेदार पडले. मी धावलो. बाईंनी हातानंच मला थांबवलं. सुभेदार आपले आपण उठले, गुडघा झटकला आणि चाचांना ऐकू जाईल असं म्हणाले, "परदेशात आसं व्हायचंच."

व्हिसा आला. बॅगा माळ्यावरून उतरल्या. निघायला थोडे दिवस राहिले असताना सुभेदार दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

सत्कार करणाऱ्यांची पंचाईत झाली. अध्यक्षांनी तयार केलेलं भाषण शोकसभेत क्रियापदांचा काळ तेवढा बदलून केलं. दहाव्याला म्हसवडहून आलेले दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "वैनी, इमानाचं तिकीट रद्द करा. वरीस सरू द्या. वर्साच्या आत फिराय जायाचं म्हंजी लोक काय म्हनत्याल?"

सगळे बाईंकडे बघू लागले. मीही. आता त्या ते दोन शब्द म्हणतील असं मला वाटलं. म्हणाल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "फिरायला नाही जात, भाऊजी. त्यांची एवढी तयारी झालेली आहे."

दीर रागानं उठून गेले. बाई एकट्याच फ्लॉरेन्सला गेल्या.

परत आल्या, पण तिथल्याबद्दल कोणाशी काही बोलल्या नाहीत. फोटो नव्हते, त्यामुळे गल्लीची समजूत झाली की गेल्याच नसाव्यात. घर विकून त्या सांगलीला बहिणीकडे जायला निघाल्या, त्या दिवशी सामान टेम्पोत चढत असताना मी शेवटी विचारलंच.

"घुमट?"

"आहे. मी फारच लहान काढत होते."

मग पुढचं स्वतःहूनच बोलल्या. सगळं त्यांनी सुभेदारांच्या चालीनं केलं होतं. जिथं थांबायचं ठरलं होतं, तिथं तिथं थांबल्या. तिसऱ्या दिवशी सावकाराच्या कट्ट्यावर बसल्या, त्या उजवीकडे जागा सोडून. एक म्हातारी आली. काठी टेकत. त्या जागेकडे बोट करून तिनं काहीतरी विचारलं.

"कोणी आहे का, असंच विचारलं असणार," बाई म्हणाल्या. "मी मान हलवली. आपल्याकडे मान कशी हलते, तिला काय कळणार. ती उभीच राहिली."

"मग?"

"मग त्या जागेवर ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. ती बसली. बराच वेळ बसलो. जाताना तिला उठवेना, म्हणून हात दिला." टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. बाईंनी तिकडे बघितलं नाही. "डावीकडून दिला. तिचा दुखरा पाय उजवा होता. पण ती काही बोलली नाही. तशीच धरून आली, पुलापर्यंत."