क्लेम पॅक्विनची गाडी ऑइल खाते

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात क्लेम पॅक्विन पोस्टातून घरी परतत होता तेव्हा त्याच्या बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलमागे निळ्या धुराची लांब शेपटी होती, आणि ती सगळ्या हॅरो बेटाने पाहिली. सरोवरातल्या या बेटावर हिवाळ्यात जेमतेम चारशे माणसं उरतात. कुणाची गाडी गेली हे त्यांना आवाजावरून कळतं आणि तिची तब्येत कशी आहे हे वासावरून. क्लेमच्या गाडीची तब्येत बरी नव्हती. ती ऑइल खात होती.

क्लेम अडुसष्ट वर्षांचा. त्याने चौतीस वर्षं फेरी बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली. त्या नोकरीने त्याचा डावा कान घेतला, म्हणून तो कुणाशीही बोलताना उजवी बाजू पुढे करून उभा राहतो, आणि नव्या माणसाला वाटतं की हा आता निघालाच. बोलणं कमी, खाणं ठरलेलं: दुपारी मांस-बटाटा भरलेली पेस्टी, तिच्यावर केचप. हातावरचं ग्रीस निघावं म्हणून साबणात साखर घालून घ्यायची. इंजिनाच्या बाबतीत त्याचा एकच नियम होता आणि तो त्याने हाताखालच्या सगळ्यांना शिकवला होता. सकाळी चालू करण्याआधी, इंजिन थंड असताना, ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत बुडवून बघायची. कमी दिसलं तर भरायचं, मगच चावी. चौतीस वर्षांत त्याचं एकही इंजिन भर सरोवरात बंद पडलं नव्हतं.

नवी गाडी त्याने नोव्हेंबरात फेरी बोटीवरून आणली. दोन हिवाळे वापरलेली, पण टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा, बसवलेली, चार स्ट्रोकची, ओढायला दणकट. जुनीच्या दुप्पट वजनाची. तिला घेण्याचं कारण बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं: झाडं.

नाताळ संपला की बेटावरचं प्रत्येक घर आपलं झाड धक्क्यावर आणून टाकतं. सरोवर गोठून बर्फ पुरेसा जाड झाला की ती झाडं बर्फात भोकं पाडून एका रेषेत रोवतात, बेटापासून थेट पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत, साडेतीन मैल. झाडं उभी असतील तिथून जायचं, एवढाच कायदा. हिमवादळात समोरचं काही दिसत नाही तेव्हा एका झाडापासून दुसरं दिसतं, आणि माणूस घरी पोहोचतो. ही रेषा एकोणतीस हिवाळे क्लेमने आखली होती. आधी पायी, पहारीने बर्फ ठोकत. मग गिरमिटाने भोक. मग मागे बांधलेल्या घसरगाडीवरून झाड उतरवायचं. त्याला हे काम कुणी दिलं नव्हतं, म्हणून ते काढून घेण्याचाही प्रश्न आजवर आला नव्हता.

बुधवारी तो प्रश्न आला. कॉलीन, क्लेमच्या बहिणीची मुलगी, बेटाच्या अग्निशमन आणि बचाव पथकाची प्रमुख. ती शेडच्या दारात उभी राहिली आणि नाक वर करून तिने हवा हुंगली.

"मामा, स्पष्ट बोलू?"

"आजवर कधी दुसरं काही केलंयस?"

"बर्फ आठ इंच झाला. शनिवारी झाडं. पण तुझी ही धुराची चिमणी मागे बारा झाडं घेऊन मधोमध गचकली, तर तुला आणायला मला माझी चार माणसं पाठवावी लागतील. बर्फ पहिल्या दिवशी कसा असतो ते मी तुला सांगायला नको."

"गचकणार नाही. मी रोज ऑइल बघतो."

"रोज भरतोस पण ना?"

क्लेम भरत होता. रोज अर्धा कप. डिसेंबरपासून पाच बाटल्या संपल्या होत्या.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत धूर थांबला तर तू," कॉलीन म्हणाली. "नाही थांबला तर ड्युई. तू त्याच्या मागच्या सीटवर बसून सांग हवं तर, कुठे लावायचं ते."

ड्युई लॅस्ली हा क्लेमच्या बायकोचा, नोरीनचा, धाकटा भाऊ. साठ वर्षांचा, बडबड्या, हातात एकतर कॉफीचा मग नाहीतर दुसऱ्याचं एखादं हत्यार. त्याच्या मागच्या सीटवर बसायचं म्हणजे साडेतीन मैल त्याचं ऐकायचं, आणि ऐकायला तर क्लेमला एकच कान होता.

बातमी ड्युईला अर्ध्या तासात कळली, आणि तो लगेच आला.

"दाजी, मला वाईट वाटतंय हो," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची एकही खूण नव्हती. "माझी टू-स्ट्रोक ऑइल पिते, पण सगळ्यांना सांगून पिते. तिचा धंदाच तो. तुमची चोरून पिते."

"तुझ्या गाडीला बारा झाडं ओढवणार नाहीत."

"सहा-सहाच्या खेपा करू. मला काय घाई आहे?"

गुरुवारी क्लेमने पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दुकानात फोन केला. तिथल्या माणसाने गाडी न बघता सांगितलं की टर्बोचं सील गेलं असेल, नाहीतर पिस्टनच्या रिंगा. आणून द्या, खोलून बघू, सहा आठवडे धरा.

"आणू कुठून? फेरी बंद आहे."

"बर्फावरून या ना."

"बर्फावरची वाट मी आखायचीय," क्लेम म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सहा आठवड्यांनी बर्फ वितळायला लागला असता. क्लेमने बाह्या सरसावल्या आणि टर्बो स्वतःच उतरवायचा ठरवला. आधी हवा आत नेणारा मोठा पाइप काढला. आतून बोट फिरवलं. बोट ऑइलने काळं झालं. त्याने मनाशी हुं म्हटलं, म्हणजे टर्बोच. मग त्याच्या मागचा, एअर फिल्टरचा डबा उघडला, तर त्यात ऑइलचं तळं साचलेलं.

इथे तो थांबला. स्टुलावर बसला आणि बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिला. नोरीनने जेवायला दोनदा हाक मारली, ती त्याच्या डाव्या बाजूने आली आणि तिथेच संपली.

हवा आधी डब्यात येते, मग टर्बोत, मग इंजिनात. टर्बोचं सील फुटलं तर ऑइल टर्बोच्या पुढे जाईल. वाऱ्याच्या विरुद्ध उलटं चालत डब्यात कसं येईल? डब्यात उघडणारी दुसरी एकच नळी होती, ब्रीदरची, म्हणजे इंजिनाला जास्तीचा दाब बाहेर सोडायची वाट. ऑइल तिथून येत होतं. पण ब्रीदरमधून इंजिन ऑइल ओकतं ते पोट गच्च भरलं असेल तर. आणि या इंजिनाचं पोट रोज सकाळी रिकामं असायचं. ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, पुसून, परत बुडवून.

दोन्ही गोष्टी खऱ्या असणं शक्य नव्हतं. क्लेमने डबा पुसला, पाइप लावला आणि जेवला नाही तो नाहीच.

शुक्रवारी सकाळी त्याने नेहमीप्रमाणे पट्टी काढली. खालच्या खुणेच्याही खाली. अर्धा कप घातलं, गाडी चालू केली आणि बेटाला एक पूर्ण चक्कर मारली. आठ मैल. पहिले दोन मैल धूर नव्हता आणि त्याला आशा वाटली. चर्चजवळ पोहोचेपर्यंत शेपटी पुन्हा उगवली होती.

शेडपाशी ड्युई उभा होता, हातात नोरीनने दिलेला मग.

"शाळेपासून दिसत होतात," तो म्हणाला. "मला आधी वाटलं नवा पोप निवडल्याचा धूर सोडला."

"घरी जा, ड्युई."

"जातो. जाताना माझ्या उद्याच्या गाडीला काय काय व्हायला नको ते बघून जातो." आणि कुणाला न विचारता त्याने झाकण उचललं, तापलेल्या इंजिनातून पट्टी खेचली आणि उजेडात धरली. "दाजी, ही तर वरपर्यंत ओली आहे."

"पुसून बघ. पुसता तरी येतं का तुला?"

ड्युईने पट्टी विजारीला पुसली, बुडवली, काढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन इंच वर होतं.

क्लेमने पट्टी त्याच्या हातातून घेतली. स्वतः पुसली, स्वतः बुडवली. दोन इंच.

"तासाभरापूर्वी खुणेच्या खाली होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी फक्त अर्धा कप घातलं."

"मग ही ऑइल खात नाही, दाजी. ही व्यालीय."

क्लेम हसला नाही. आपण आयुष्यात पहिल्यांदा गरम इंजिनाची पट्टी बघतोय, हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि त्याखाली आणखी काहीतरी आहे असं वाटत होतं.

दारात नोरीन आली होती. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद पुस्तक होतं. गाडीसोबत आलेलं, सीटखाली पडलेलं.

"हे उघडायचं का आता?" तिने विचारलं. "की अजून काही दिवस तुझा अनुभव वापरायचा?"

"चौतीस वर्षं मी इंजिनं—"

"बोटीची." तिने दातांनी पिशवी फाडली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचायला लागली. "ऑइल तपासणे. इंजिन पूर्ण गरम करावे. मग थोडा वेळ जागेवर चालू ठेवावे. बंद करून लगेच पट्टी पाहावी. थंड इंजिनाची पट्टी पाहून ऑइल कधीही भरू नये." तिने वर बघितलं. "'कधीही' जाड अक्षरात आहे."

आता क्लेमला सगळं दिसलं. या इंजिनाचं ऑइल खाली पोटात राहत नाही, बाजूच्या वेगळ्या टाकीत राहतं. पट्टी त्या टाकीत. इंजिन उभं राहिलं की टाकीतलं ऑइल झिरपत झिरपत खाली उतरतं आणि सकाळी टाकी अर्धी दिसते. चालू केलं की पंप ते सगळं परत वर आणतो. म्हणजे ऑइल कुठेही गेलेलं नव्हतं. त्यावर तो रोज अर्धा कप ओतत होता. इंजिनाला मावेना म्हणून ते ब्रीदरमधून डब्यात ओकत होतं. टर्बो ते ओढून घेत होता आणि जाळून मागे सोडत होता. सकाळी पट्टी पुन्हा खाली दिसायची, तो पुन्हा भरायचा. गाडी जेवढं ऑइल खात होती, तेवढं तोच तिला भरवत होता.

"म्हणजे गाडीला काही झालेलंच नाही?" ड्युईने विचारलं. त्याचा आवाज जरा पडला होता.

"नाही."

"आधी कळलं असतं तर मी पट्टीला हात लावला नसता."

दुपारपर्यंत क्लेमने जास्तीचं ऑइल काढलं. ते पावणेदोन बाटल्या भरलं. डबा, पाइप, नळ्या धुऊन पुसल्या. आत चिकटलेलं जळून जायला आणखी दोन चकरा लागल्या. तीन वाजता गाडी शाळेवरून गेली तेव्हा कुणी खिडकीत आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पथकाच्या हॉलमध्ये झाडं लावणाऱ्यांचं जेवण असतं, माशांचं दाट सूप आणि पाव. कॉलीनने दोनच्या आणि तीनच्या दोन्ही चकरा बघितल्या होत्या. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, होतं काय? टर्बो?"

टर्बो म्हणणं सोपं होतं. दुकानदाराने तेच म्हटलं होतं, आणि उद्याची जागा त्याला मिळालीच होती. ड्युईने सूप ढवळायचं थांबवलं आणि नोरीन पावाला लोणी लावत राहिली. क्लेमने उजवी बाजू पुढे केली.

"गाडीला काही नव्हतं," तो म्हणाला. "पट्टी मी थंड इंजिनात बघत होतो. या इंजिनात ती गरम असताना बघायची असते. महिनाभर मीच तिला जास्त पाजलं."

हॉलमध्ये हसण्याचा असा गडगडाट झाला की त्याच्या डाव्या कानालाही काहीतरी कळलं. फक्त दोन माणसं हसत नव्हती. एक शाळेची देखभाल करणारा जेरार्ड, दुसरा धक्क्यावरचा लिओ. दोघेही पूर्वी क्लेमच्या हाताखाली फेरीवर होते, दोघांच्याही गाड्या त्याच इंजिनाच्या.

"क्लेम," जेरार्डने सावकाश विचारलं, "गरम म्हणजे किती गरम?"

"तू पण?"

"तूच शिकवलंस."

लिओ खुर्ची मागे सारून उठला होता. "मी जरा शेडमध्ये जाऊन येतो," एवढंच म्हणाला.

कॉलीनने डोळे पुसले. "उद्या सात वाजता, मामा. पुढे तू."

शनिवारी वारा नव्हता. क्लेम पहार घेऊन पुढे गेला, मागून गिरमिटं, त्यामागे झाडं. बारा-बाराच्या सहा खेपा झाल्या. काही झाडांवर अजून चंदेरी झिरमिळ्या होत्या, एकावर कुणाची तरी सजावटीची काचेची चिमणी, पंखवाली, राहून गेली होती, ती कॉलीनने खिशात ठेवली. गाडी साडेतीन मैल गेली आणि आली, आणि तिच्यामागे बर्फाच्या धुरळ्याशिवाय काही उडालं नाही.

शेवटचं झाड पलीकडच्या किनाऱ्याजवळ लागलं. क्लेमने मागे वळून रेषेवर डोळा लावला. आणि तसाच गाडीवर बसून परत निघाला.

"आता काय?" ड्युई ओरडला.

एक्केचाळिसावं झाड डावीकडे सरकलं होतं. ड्युईने लावलेलं. क्लेमने ते उपटलं आणि उजवीकडे नवं भोक पाडायला घेतलं.

"तीन फूट, दाजी! तीन फुटांनी कोण चुकणार आहे?"

"तू," क्लेम म्हणाला.

त्याने झाड रोवलं, भोकात पाणी ओतलं आणि ते गोठून झाड धरेपर्यंत खोड हातात घेऊन उभा राहिला. तेवढ्यात पलीकडून हंगामातली पहिली गाडी रेषेवरून आली. बेटाच्या शाळेतली शिक्षिका, नाताळापासून तिकडे अडकलेली आणि कालच दाढ काढून घेतलेली. तिला तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून तिने जाता जाता हात हलवला आणि एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे बघत सरळ घरी गेली.